मोदकाचं तिकीट आणि लोणारचं बिनमिठाचं पान

३ नोव्हेंबर २०१७ रोजी भारतीय टपाल खात्याने आपल्या खाद्यपदार्थांवर २४ तिकिटं काढली. त्यांचे चार गट केले: प्रादेशिक, सणासुदीचे, लोकप्रिय आणि भोग-प्रसाद. वडापाव लोकप्रिय गटात गेला. मोदक, तिरुपतीचा लाडू, छप्पन भोग हे भोग-प्रसादात. तुम्ही पुढे इतिहासात किंवा समाजशास्त्रात संशोधन करणार असाल तर तिकीट हातात आल्यावर चित्राआधी गटाचं नाव बघा.

कारण मोदक सणाचाही पदार्थ आहे आणि नैवेद्याचाही. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवलं. शिवाय पदार्थ प्रसाद होतो तो कृतीने, पाककृतीने होत नाही. देवापुढे ठेवला की नैवेद्य, तिथून परत आला की प्रसाद. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून खात्रीने सांगतो: हलवायाकडचा पेढा आणि देवापुढून उचललेला पेढा प्रयोगशाळेत नेलात तर कुठलंही यंत्र फरक दाखवणार नाही. फरक माणसांच्या नात्यात आहे, आणि तिकिटावर नेमकं तेच येत नाही. कोणी शिजवलं, सोवळ्यात कोण होतं, गाभाऱ्यापर्यंत कोण जाऊ शकत होतं आणि उंबऱ्याबाहेर कोण थांबलं? पंढरपूरचं मंदिर सर्वांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. विठ्ठलाच्या प्रसादाचा इतिहास लिहायला बसलात आणि हे उपोषण त्यात आलं नाही, तर तुम्ही फक्त पाककृती लिहिली असं होईल.

तिकीट मग कशाचा पुरावा आहे? निवडीचा. विशेष प्रसंगी काढलेली तिकिटं एकदाच छापतात, रोजच्या वापरातल्यांसारखी पुन्हापुन्हा छापत नाहीत. विषय सुचवायची मुभा तुम्हाआम्हालाही आहे, सल्ल्यासाठी एक समिती असते आणि तिकिटाबरोबर माहितीपत्रक निघतं. ते जरूर मिळवा. सरकारने २०१७ साली कोणत्या नैवेद्याला 'भारतीय' म्हटलं, हे या कागदांवरून सिद्ध करता येतं. पण मोदक किती जुना आहे हे त्यांवरून सिद्ध होत नाही. मसुद्यांमध्ये ही गल्लत मी वारंवार बघतो. आणि एक गंमत करा, भिंग घेऊन मोदक उकडीचा आहे की तळणीचा ते बघा. आमच्या विदर्भात कितीतरी घरी गणपतीला कणकेचे तळलेले मोदकच होतात. नाव मात्र दोघांचंही एकच छापलं जातं.

टपालाचा आणि प्रसादाचा संबंध चित्रापुरता नाही. २०२० पासून काशी विश्वनाथाचा प्रसाद २५१ रुपयांची ई-मनीऑर्डर केली की स्पीड पोस्टाने घरी येतो. त्याच वर्षी शबरीमलाचाही सुरू झाला, ४५० रुपयांत. पाकिटात काय असतं बघा: काशीच्या पाकिटात सुका मेवा, खडीसाखर, शबरीमलाच्या पाकिटात गुळाचा दाट 'अरवणा' आणि तूप. म्हणजे ज्यात पाणी कमी किंवा साखर-गूळ भरपूर, तेच. जंतूंना वाढायला लागतं तेवढं मोकळं पाणी त्यात नसतं. उकडीचा मोदक तिकिटावर बसून देशभर फिरेल, पण पाकिटात घातला तर दुसऱ्या दिवशी आंबेल. टपालाने कोणता प्रसाद देशभर पोचतो हे ठरवण्यात श्रद्धेइतकाच ओलाव्याचा हात आहे. यावर कोणी प्रबंध लिहिला तर मला वाचायला आवडेल.

आता लोणार. माझं काम इथल्या सरोवराच्या पाण्यावर आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि पाणी इतकं अल्कधर्मी की सामू दहाच्या आसपास. इथले क्षार काच आणि साबणासाठी उपयोगी पडतात, हे 'ऐन-ए-अकबरी'तही नोंदलेलं आहे. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. विष्णूने इथे लवणासुराला मारलं अशी कथा आहे, गावाचं नावही त्या लवणाशी जोडतात. विवरात, काठाला कमळजा देवी. नवरात्रात तिची यात्रा भरते.

आपल्याकडे नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. लोणारला आल्यावर हे दोन धागे एकमेकांत आपोआप अडकतात: देवाने लवणासुर मारला, म्हणून देवाच्या पानात लवण नाही! ऐकायला झकास वाटतं. पण हीच रीत पुण्यात आहे, कोकणात आहे, जिथे लवणासुराचं नावही कोणी घेत नाही तिथेही आहे. प्रयोगशाळेत आपण ज्याला कंट्रोल म्हणतो, तो इथे शेजारचा जिल्हा असतो. तिथेही तेच दिसलं तर स्थानिक कथेने रीतीचं कारण सांगता येत नाही. कथा खोटी ठरली असं नाही, तिला कारण म्हणून वापरता येत नाही एवढंच. आणि पानात नसलेलं मीठ कुठल्याही तिकिटावर छापता येत नाही. ते तुम्हाला पंगतीत बसूनच कळणार.

असाच सुटलेला दुसरा पदार्थ म्हणजे अधिक महिन्यातला धोंडा. पुरण भरलेला, विष्णूला दाखवायचा, जावयाला वाढायचा. बीड जिल्ह्यात पुरुषोत्तमपुरीला त्या महिन्यात मोठी गर्दी होते. अधिक मास साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. त्या २४ तिकिटांत धोंडा नाही. तीन वर्षांच्या पीएच.डी.त हा महिना एकदाच मिळतो, क्वचित दोनदा. म्हणून पंचांग आधी बघा आणि मग कामाचं वेळापत्रक करा. बायका धोंडे करत असतील तेव्हा वहीत पीठ कशाचं, वाफवले की तळले, पहिला कुणाच्या पानात गेला, हे त्याच दिवशी उतरवा. फोटो नंतर काढलात तरी चालेल.