नाव नसलेला लेखक: ई. एस. डॅलस, ‘टाइम्स’ आणि जेवणाचं टेबल



आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. त्यात आपला दोष नाही. त्याने आयुष्यभर जे लिहिलं त्यातला मोठा भाग विनानावाने छापला गेला आणि त्याचं खाद्यपदार्थांवरचं पुस्तक तर चक्क दुसऱ्याच्या नावावर निघालं. हा माणूस म्हणजे इनीस स्वीटलँड डॅलस. जन्म १८२८, मृत्यू १८७९. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमधला वाङ्मयीन पत्रकार.

जन्म जमैकातला, आईवडील स्कॉटिश. लहानपणीच तो ब्रिटनमध्ये आला आणि एडिंबरा विद्यापीठात सर विल्यम हॅमिल्टन यांच्या हाताखाली तत्त्वज्ञान शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढे कादंबरी असो की चटणी, हा माणूस प्रत्येक ठिकाणी ‘यामागचा नियम काय?’ असंच विचारत राहिला. १८५२ मध्ये काव्यशास्त्रावरचं त्याचं पहिलं पुस्तक आलं. मग तो लंडनला गेला आणि ‘टाइम्स’मध्ये लिहू लागला. संपादक होते जॉन डिलेन.

त्या काळी ‘टाइम्स’मधल्या लेखांवर लेखकाचं नाव नसे. आपल्याकडच्या अग्रलेखावर आजही नसतं, तसंच. बोलायचं ते वर्तमानपत्राने, माणसाने नाही. त्यामुळे डॅलसच्या शब्दाला वजन होतं, पण ते वजन जमा व्हायचं ‘टाइम्स’च्या खात्यावर. १८५९ साली ‘ॲडम बीड’ ही कादंबरी आली तेव्हा तिचं भरभरून स्वागत करणारं ‘टाइम्स’मधलं परीक्षण डॅलसचं होतं. गंमत बघा, लेखिकेने स्वतःचं नाव लपवून ‘जॉर्ज इलियट’ हे टोपणनाव घेतलेलं आणि परीक्षकाला तर नावच नाही!

पण हे निनावीपण वाचकांपुरतंच होतं. लेखक, प्रकाशक, संपादक यांच्या वर्तुळात कोण काय लिहितो हे सगळ्यांना ठाऊक असे. याचा उत्तम पुरावा डिकन्सच्या एका हस्तलिखितात आहे. ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही त्याची शेवटची पूर्ण झालेली कादंबरी. जून १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टला रेल्वेचा मोठा अपघात झाला. डिकन्स त्या गाडीत होता. जखमींना मदत केल्यावर तो लोंबकळणाऱ्या डब्यात पुन्हा चढला आणि या कादंबरीच्या एका हप्त्याचे कागद काढून आणले. अशी ही कादंबरी. पुस्तक पूर्ण झालं तेव्हा मतं दुभंगली. अमेरिकेत तरुण हेन्री जेम्सने तिला झोडपलं, तर ‘टाइम्स’मध्ये डॅलसने, उच्चभ्रूंच्या मेजवान्यांचा भाग दुबळा आहे असं स्पष्ट सांगूनही, मनापासून कौतुक केलं. जानेवारी १८६६ मध्ये डिकन्सने अख्ख्या कादंबरीचं हस्तलिखित डॅलसला भेट दिलं!

आज आपण विचारू, लेखकाकडून परीक्षकाने अशी भेट घ्यावी का? प्रश्न रास्त आहे. भेट परीक्षणानंतर आली आणि परीक्षणात दोषही दाखवलेले होते, हे डॅलसच्या बाजूने म्हणता येतं. पण वाचकाला परीक्षकाचं नाव कळत नव्हतं आणि लेखकाला कळत होतं, ही त्या व्यवस्थेतली गोम आहे. ती नजरेआड करून चालणार नाही. डिकन्सची बरीचशी हस्तलिखितं मित्र जॉन फॉर्स्टरकडे गेली आणि लंडनमध्ये राहिली. हे मात्र डॅलसच्या हातून निसटून अमेरिकेत पोचलं. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

त्याच १८६६ साली डॅलसने स्वतःच्या नावाने मोठा डाव टाकला. पुस्तकाचं नाव ‘द गे सायन्स’, म्हणजे ‘आनंदाचं शास्त्र’. मध्ययुगातले प्रोव्हान्सचे कवी आपल्या काव्यकलेला असंच नाव देत. नीत्शेने हेच नाव घेतलं ते नंतर, १८८२ मध्ये. डॅलसचं म्हणणं असं की कलेचं उद्दिष्ट आनंद आहे, तेव्हा समीक्षा म्हणजे आनंदाचे नियम शोधणं. आणि आनंद उपजतो कुठे? मनाच्या अशा भागात, जो आपल्या नकळत काम करतो. याला तो ‘दडलेला आत्मा’ म्हणतो. फ्रॉइड तेव्हा दहा वर्षांचा होता. चार खंडांची योजना होती, पण दोनच निघाले. पुस्तक चाललं नाही.

पुढची वर्षं ओढाताणीची. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाची वार्तापत्रं, ‘वन्स अ वीक’ या साप्ताहिकाचं संपादन, रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’चा संक्षेप. शेक्सपिअरच्या नाटकांत गाजलेली अभिनेत्री इझाबेला ग्लिन ही त्याची पत्नी. त्यांचा १८७४ मध्ये घटस्फोट झाला.

मग १८७७ मध्ये ‘केटनर्स बुक ऑफ द टेबल’ आलं. ऑगस्ट केटनर म्हणजे लंडनच्या सोहो भागातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटचा मालक. पुस्तकावर नाव त्याचं, लेखणी डॅलसची. वर्णानुक्रमे लावलेला हा पाककोश. उपशीर्षकातच व्यावहारिक, तात्त्विक आणि ऐतिहासिक असे तीन शब्द आहेत. त्यातला ‘तात्त्विक’ हा शब्द वाचला की हॅमिल्टनचा विद्यार्थी ओळखू येतो. स्वयंपाकघराची भाषा गोंधळलेली आहे, ही त्याची मुख्य तक्रार. पदार्थाला कुठल्याशा सरदाराचं नाव द्यायचं, पण त्यात काय आहे ते कळू द्यायचं नाही, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून तो शब्दांच्या व्युत्पत्ती खणत बसतो. काही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या आहेत, पण पुस्तक कंटाळवाणं नाही.

एवढा विद्वान माणूस पैशासाठी पाककृतींकडे घसरला, असं कुणी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. आनंदाचे नियम शोधायला निघालेला माणूस कवितेपाशी थांबला असता तरच नवल. जिभेचा आनंदही आनंदच, आणि ‘का आवडलं?’ हे तिथेही धड सांगता येत नाही. ‘आनंदाच्या शास्त्रा’चे उरलेले दोन खंड कधी आले नाहीत. त्यांच्या जागी, दुसऱ्याच्या नावाखाली, हे पुस्तक आलं असं समजायला हरकत नाही.

जानेवारी १८७९ मध्ये डॅलस गेला. केटनरच्या नावाचं ते पुस्तक १९६८ मध्ये पुन्हा छापलं गेलं. जुन्या वर्तमानपत्रांत आजही आपण नाव नसलेले लेख वाचतो आणि ‘त्या काळचं मत’ म्हणून उद्धृत करतो. ते मत काळाचं नसतं, कुणातरी एका माणसाचं असतं. त्याच्या ओळखी असतात, आवडीनिवडी असतात आणि त्याला भूकही लागते. यापुढे असा लेख हाती आला की आधी विचारू या, हा कुणी लिहिला?