नको असलेल्या फोनची पंचवीस वर्षं

सोसायटीचा इतिहास म्हटला की पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीची गळती आणि कन्व्हेयन्स ही प्रकरणं येणारच. ती लिहायला जाणते सभासद आहेत. मला लिहायचंय ते याच काळात आपल्या प्रत्येक घरात झालेल्या एका बदलाबद्दल. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा फोन वाजला की घरातली पोरं "मी घेतो, मी घेतो" करत धावायची. आता फोन वाजला की आपण आधी स्क्रीनकडे बघतो आणि नंबर ओळखीचा नसेल तर फोन पालथा घालून ठेवतो. हे एका दिवसात झालेलं नाही.

आपल्यातले बरेच जण चाळीतून इथे आले. तिथे मजल्यावर एखाद्याच घरी फोन असायचा. अर्जावर, लग्नपत्रिकेवर नंबरापुढे 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा, निरोप द्यावा. १ एप्रिल १९८६ ला मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल सुरू झालं, तरी त्यानंतरही कित्येक वर्षं फोनसाठी वेटिंग लिस्ट होतीच. इतक्या वाट पाहून आलेला फोन नकोसा कसा वाटणार? रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून गावाकडचे नातेवाईक नेमके झोपायच्या वेळी फोन करायचे. तोही आपण आनंदाने घ्यायचो.

त्रास तेव्हाही होता, पण तो वेगळा होता. राँग नंबर यायचा, पावसाळ्यात क्रॉस कनेक्शन लागायचं. राँग नंबरवाला बहुतेक वेळा "सॉरी हं" म्हणायचा. खरा त्रास ब्लँक कॉलचा होता. पलीकडून कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. साध्या फोनवर समोरच्याचा नंबर दिसत नसे. घरात तरुण मुलगी असली की हा फोन तिच्याच अंगावर यायचा. "तुझाच कुणी ओळखीचा असेल" असं ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच. उपाय घरगुती होते. फोन वडिलांनी उचलायचा, नाहीतर रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचा. नंबर दाखवणारी डबी बाजारात आली तेव्हा अनेक घरांनी ती याच कारणासाठी घेतली.

मोबाईलने सुरुवातीला उलट संरक्षणच दिलं. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन करून देशात मोबाईल सेवेची सुरुवात केली, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्यामुळे नंबर मोजक्याच लोकांना दिला जायचा आणि 'मिस्ड कॉल दे' ही आपली खास सोय निघाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली उतर. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आउटगोइंगही उतरत गेलं. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाईल आला, हे चांगलंच झालं. पण ज्या दिवशी फोन करणं स्वस्त झालं, त्याच दिवशी हजार अनोळखी माणसांना फोन करणंही परवडू लागलं. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे.

मग क्रेडिट कार्डवाले आले. दुपारी दीड वाजता, वरणभाताचा पहिला घास घेतला की "सर, आपके लिए प्री-अप्रूव्ड लोन है". माझ्या घरी एका बँकेकडून महिन्याभरात इतके फोन आले की आमच्या आईला त्या मुलीचा आवाज पाठ झाला आणि ती तिला "जेवलीस का गं?" विचारू लागली. हसू येतं, पण त्या मुलीही पोटासाठीच दिवसभर लोकांच्या शिव्या खात होत्या, हे आई आम्हाला सुनवायची.

तक्रारी वाढल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००७ मध्ये ट्रायने नियम केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'डू नॉट कॉल' यादी सुरू झाली. तिलाच आपण डीएनडी म्हणतो. १९०९ वर नंबर नोंदवला की जाहिरातीचे फोन बंद व्हावेत अशी अपेक्षा होती. झाले नाहीत. म्हणून नवे नियम आले आणि ते २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. टेलिमार्केटिंगवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर दिले, रात्री नऊ ते सकाळी नऊ फोन करायला बंदी घातली. साध्या सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस जातील अशीही मर्यादा आली. लोकांनी आरडाओरडा केल्यावर काही आठवड्यांतच ती दोनशे झाली.

फोन करणाऱ्यांनी यातूनही वाट काढली. १४० दिसलं की लोक उचलत नाहीत, मग साधा दहा आकडी नंबर वापरायचा. ट्रायने २०१८ मध्ये आणखी कडक नियम केले. ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणी न करता असे फोन करणाऱ्यांची कनेक्शनं तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या दुरुस्तीमुळे आता डीएनडीत नाव नसलं तरी तक्रार करता येते आणि त्यासाठी सात दिवस मिळतात. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरले आहेत. दर वेळी नियम पुढे येतो आणि चोर गल्ली बदलतो, असा हा इतिहास आहे.

या इतिहासाचं शेवटचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. आपल्या इमारतीतल्या एका आजोबांना फोन आला, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, पोलीस बोलतायत." मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, आणि "कॉल कट करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही". आजोबा चार तास खुर्चीत बसून होते. शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या, बेल वाजवत राहिल्या, दार उघडेपर्यंत हलल्या नाहीत, म्हणून त्यांची एफडी वाचली. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात कुठेही नाही. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं. पण घाबरलेल्या एकट्या माणसाला हे त्या क्षणी आठवत नाही. त्याला दारावरची बेल लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या पावसाळ्यात एका बंद फ्लॅटमधून पाणी जिन्यात उतरत होतं. सेक्रेटरींनी नव्या नंबरवरून मालकांना सात वेळा फोन केला. त्यांनी स्पॅम समजून घेतला नाही. तोवर खालच्या घराचं पीओपी कोसळलं. भामटे आपले पैसे नेतात, हे दिसतं. आपला एकमेकांच्या फोनवरचा विश्वासही ते नेतात, हे दिसत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी कमिटीला आणि सभासदांना एवढीच विनंती. सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि लिफ्टवाल्याचे नंबर प्रत्येकाने नावासह सेव्ह करावेत. अनोळखी नंबरवरून काम असेल तर आधी दोन ओळींचा मेसेज करावा. लिफ्टमध्ये दोन नंबर मोठ्या अक्षरात लावावेत: जाहिरातीच्या फोनसाठी १९०९ आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३०. आणि ज्या घरात ज्येष्ठ एकटे राहतात, तिथे शेजाऱ्याने दिवसातून एकदा बेल वाजवावी. चाळीत आपण शेजाऱ्याचा नंबर पी.पी. म्हणून देत होतो. फोन आता ज्याचा त्याच्या खिशात आला असला, तरी शेजारी अजून तोच आहे.