ओढस्पर्धेसाठी जुना डिझेल पिकअप

ओढस्पर्धेचा डिझेल पिकअप : अमेरिकेच्या ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसुरी अशा शेतीप्रधान राज्यांत उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांच्या कृषिजत्रा भरतात. तिथे मातीच्या पट्ट्यावर जड स्लेड ओढण्याच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांच्यासाठी तयार केलेला पिकअप ट्रक. या खेळाचे मूळ घोड्यांकडून वजन ओढवून घेण्यात आहे. मोटारींच्या पहिल्या स्पर्धा १९२९ साली मिसुरी आणि ओहायो या राज्यांत झाल्याचे मानले जाते. १९६९ मध्ये ट्रॅक्टरने वजन ओढणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि राज्याराज्यांच्या नियमांना एकसारखेपणा येऊ लागला. पिकअप या खेळात ट्रॅक्टरांच्या मागून आले. आज जत्रेतल्या खालच्या वर्गांत जो स्पर्धक दिसतो, तो बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा डिझेल पिकअप घेऊन आलेला शेतकरी, मेकॅनिक किंवा ट्रकचालक असतो. अशा गाडीच्या उभारणीची चर्चा जवळजवळ नेहमी इंजिनापासून सुरू होते : टर्बो कोणता, पंप किती उघडला, अश्वशक्ती किती. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे, की हा क्रम उलटा आहे. स्थानिक स्पर्धेतला पिकअप मागच्या हुकापासून पुढे बांधत जावा आणि इंजिनाला शेवटी हात घालावा. कारण निकाल आधी मातीवरची पकड ठरवते, मग पकडीपर्यंत ताकद पोचवणारे भाग, आणि त्यानंतर ताकद.

हे समजायला स्लेडची रचना पाहावी लागते. सुरुवातीच्या काळात पट्ट्याच्या कडेने माणसे उभी असत आणि स्लेड पुढे सरकेल तशी त्यावर चढत. भार असा वाढवला जाई. आजच्या स्लेडच्या मागच्या टोकाला चाके आणि पुढे जमिनीला घासणारा लोखंडी तवा असतो. वजनाची पेटी सुरुवातीला चाकांवर असते. स्लेड चालू लागला की चाकांना जोडलेली यंत्रणा ती पेटी रुळांवरून पुढे, तव्याच्या दिशेने ओढत नेते. त्यामुळे घर्षण फुटाफुटाने वाढत जाते. ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, पार केले की ‘फुल पुल’. त्याआधी थांबला तो जिथे थांबला तेवढे अंतर त्याच्या नावावर. आता एक ठरावीक गाडी घेऊ. अनेक नियमावल्यांत या वर्गांसाठी वजनाची कमाल ८,००० पौंड, म्हणजे साधारण ३,६३० किलो असते आणि हुकाची उंची २६ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. पाणी मारून रोलर फिरवलेल्या मातीवर पकडीचा गुणांक ०.८ धरला, तर चारही चाके मिळून फार तर २,९०० किलोची ओढ देतील. इंजिन हजार अश्वशक्तीचे असले तरी हा आकडा त्याच गाडीसाठी फारसा हलत नाही. शिवाय ही ओढ ६६ सेंटिमीटर उंचीवर लागत असल्याने गाडी मागे कलते. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर ३.४२ मीटर असेल, तर सुमारे ५६० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. पुढची चाके हलकी झाली की ती नुसती फिरतात, आणि चार चाकांची गाडी अडीच चाकांची होते. म्हणून बंपरपुढे ट्रॅक्टरची वजने टांगतात. पुढच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर पुढे २०० किलो टांगले, तर पुढच्या चाकांवर २७० किलो वाढतात आणि मागच्यांवरचे ७० कमी होतात. हा बदल दोन पाने आणि एका दुपारच्या कष्टात होतो. इंजिनातून तेवढाच फरक काढायला हजारो डॉलर जातात.

गिअरचा हिशेबही असाच बोलका आहे. उदाहरण म्हणून १९९६ ते ९८ ची हातगिअरची डॉज रॅम घेऊ. तिच्यातले कमिन्स इंजिन २१५ अश्वशक्ती आणि सुमारे ६०० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. ३.५४ चा क्राऊन-पिनियन, लो रेंजचे २.७२ आणि चौथा गिअर धरला, तर मूळ इंजिनाची चाकांवरची ओढ नुकसान सोडून १,४५० किलोच्या आसपास येते. तिसऱ्या गिअरमध्ये २,४५० च्या. मातीची मर्यादा २,९०० ची आहे. म्हणजे मूळ गाडी तिसऱ्यात मर्यादेच्या बरीच जवळ जाते, पण २,५०० फेऱ्यांना तिचा वेग ताशी २४ किलोमीटरही भरत नाही. चौथ्यात वेग ३९ होतो, पण टॉर्क दुप्पट लागतो. २,९०० किलोची ओढ ताशी ३९ किलोमीटरने द्यायची तर चाकांवर सुमारे ४२० आणि वाटेतले नुकसान धरता इंजिनावर पाचशेच्या घरात अश्वशक्ती हवी. स्थानिक वर्गाच्या पिकअपचे उद्दिष्ट इथे आकड्यात सापडते. त्यापुढची ताकद वाया जाते असे नव्हे, पण ती मातीत उतरण्याच्या अटी कडक होत जातात.

या अटी मागून पुढे पाहाव्यात. हुक चेसीला सरळ आणि जाड पोलादाने जोडलेला हवा. बंपरला लावलेला हुक वाकतो, आणि वाकलेल्या हुकाची उंची पंच मोजून नाकारतो. मागचे कमानी पाटे ओढ बसताच इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, सुटतात, पुन्हा पिळतात. गाडी उड्या मारू लागते, आणि शाफ्टचे क्रॉस नेमके अशा वेळी तुटतात. चाक हवेत असताना वेगाने फिरते, जमिनीला लागताच क्षणात थांबते, आणि तो धक्का अ‍ॅक्सलमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत जातो. अ‍ॅक्सल आणि चेसीमध्ये लांब दांडे बसवले की पिळणे थांबते. मागच्या अ‍ॅक्सलची चिंता या डॉजमध्ये कमी असते, कारण हातगिअरच्या डिझेल गाड्यांना कंपनीने डाना ८० हे भरभक्कम हाउसिंग दिले होते. पुढे मात्र एक दुबळा सांधा आहे : उजव्या बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून ते तुकडे व्हॅक्यूमवर चालणारी एक सरकती कडी जोडते. इंधन वाचवायला केलेली ही सोय ओढीच्या वेळी अर्धवट गुंतली, तर कडीचे दात झिजतात आणि पुढचा अ‍ॅक्सल मुकाट्याने कामातून जातो. एकसंध शाफ्ट टाकणे हा त्यावरचा उपाय. पाच गिअरच्या एनव्ही ४५०० गिअरबॉक्सचा पाचव्या गिअरमागचा नट कंपनांनी सैल होतो, तोही याच वेळी पाहून घ्यावा. क्लच हा शेवटचा टप्पा. मूळ एकेरी प्लेट दुप्पट टॉर्क धरू शकत नाही. ती घसरली की तिचा वास प्रेक्षकांपर्यंत जातो आणि ओढ तिथेच संपते. दुहेरी प्लेट आणि सोबत पोलादी फ्लायव्हील याशिवाय इंजिन वाढवू नये.

मग जुनाच पिकअप का? डॉजने १९८९ च्या मॉडेलपासून कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते १६० अश्वशक्तीचे होते. बिडाचा ब्लॉक, बिडाचे हेड, एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, कॅमशाफ्टला पट्टा किंवा साखळी नाही तर गिअर. हे इंजिन शेतीयंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी आखलेले होते, पिकअपमध्ये ते नंतर आले. त्याचेच भावंड महाराष्ट्रातल्या वाचकाच्या ओळखीचे आहे : कमिन्सची पुण्यातली कंपनी १९६२ पासूनची, आणि १९९३ मध्ये झालेल्या टाटा-कमिन्स भागीदारीतून याच (बी) मालिकेची इंजिने टाटांच्या ट्रकांत आली. १९९४ ते ९८ मधल्या डॉजवर बॉशचा पी ७१०० हा रांगेतल्या सहा प्लंजरांचा पंप आहे. जुन्या ट्रकांच्या मायको पंपावर हात बसलेला आपल्याकडचा कारागीर तो उघडून पाहील तर त्याला आत काहीही परके वाटणार नाही. या पंपात संगणक नाही. किती डिझेल जायचे हे एक छोटी पोलादी पट्टी, एक पडदा आणि काही स्प्रिंगा ठरवतात. ती पट्टी सरकवली किंवा बदलली की डिझेल वाढते. पडद्याचा स्क्रू फिरवला की टर्बोचा दाब येण्याआधीच डिझेल सुटते. गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलल्या की २,५०० च्या पुढे इंधन तोडणारे इंजिन ३,५०० च्याही वर ओढत राहते. मात्र मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडक हव्यात, नाहीतर व्हॉल्व्ह वेळेत बसत नाहीत. या इंजिनाचा एक दोष प्रसिद्ध आहे. टायमिंग गिअरच्या झाकणामागे जागा निश्चित करणारी एक छोटी पोलादी पिन असते. ती वर्षानुवर्षांच्या कंपनाने बाहेर सरकते आणि एखाद्या दिवशी फिरत्या गिअरमध्ये पडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याचा एक छोटा तुकडा दाबून बसवला की ती अडते. टर्बोवर पैसे घालण्याआधी हे काम झालेच पाहिजे.

इंजिन वाढवताना सर्वांत मोठा गैरसमज काळ्या धुराचा आहे. धूर म्हणजे ताकद असे प्रेक्षकांना वाटते. प्रत्यक्षात तो न जळलेला कार्बन आहे, हवेपेक्षा डिझेल जास्त झाल्याची खूण. वर्गांचे नियम हवाच मर्यादित करतात. एका वर्गात टर्बोच्या हवा घेणाऱ्या चाकाचे तोंड २.५ इंच, वरच्यात २.६, त्याहून वरच्यात ३ इंच. तोंडाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे २.६ ला ८ टक्के जास्त हवा मिळू शकते आणि ३ इंचाला ४४ टक्के. ही मर्यादा गाठल्यावर डिझेल वाढवत नेले तर धूर आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते, ओढ नव्हे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, तापमान हाताबाहेर गेले की ते वितळतात. तापमापक पाहून पंप लावणारा माणूस म्हणूनच धुरावर भाळणाऱ्यापेक्षा पुढे जातो. वेळेचेही तसेच आहे. २,५०० फेऱ्यांना क्रँकचा एक अंश फिरायला ६७ मायक्रोसेकंद लागतात, ४,००० ला ४२. ज्वलनाला वेळ कमी मिळतो म्हणून डिझेल आधी सोडावे लागते, त्याने सिलिंडरातला दाब चढतो आणि हेड वर उचलले जाऊ पाहते. मूळ बोल्टांऐवजी मजबूत स्टड बसवणे हा त्यावरचा स्वस्त आणि आवश्यक उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : प्रत्यक्षात जास्त अश्वशक्तीचे पिकअप जिंकताना दिसतात. हे खरे आहे, आणि त्याची कारणेही ठोस आहेत. मातीवर चाक थोडे घसरूनच सर्वाधिक ओढ देते. ३० टक्के घसरण धरली तर वरच्या उदाहरणातले ४२० चाकांवर सहाशे होतात. शिवाय वेगाचा साठा शेवटी कामी येतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या ३,६३० किलोच्या गाडीत एवढी ऊर्जा असते, की रोध पकडीपेक्षा सरासरी हजार किलोने वाढला तरी ती आणखी १८ मीटर जाईल. स्लेडचे स्वतःचे वस्तुमान वेगळेच. पण सहाशे अश्वशक्तीचा उपयोग त्यालाच होतो, ज्याचे पाटे पिळत नाहीत, पुढची चाके जमिनीवर राहतात आणि क्लच धरतो. ताकद निकाल ठरवू लागते ती बाकीचे दुवे टिकल्यावर. उभारणीच्या क्रमाविषयीचे म्हणणे त्यामुळे मोडत नाही.

दुसरा आक्षेप नव्या इंजिनांचा. २००३ च्या कॉमन-रेल कमिन्सची वरची आवृत्ती कारखान्यातूनच ३०५ अश्वशक्ती आणि सुमारे ७५० न्यूटन-मीटर देते, तेही कमी धुराने. मग जुन्यापासून सुरुवात का करावी? रोज माल ओढणारी आणि महिन्यातून एकदा स्पर्धेला जाणारी गाडी हवी असेल तर नवी घ्यावी, यात शंका नाही. पण केवळ स्पर्धेसाठी गाडी बांधायची असेल तर दोष शोधण्याची सोपी वाट हे जुन्याचे मोठे बळ आहे. कॉमन-रेलमध्ये दाब हजार बारच्या बराच वर जातो, इंजेक्टरमधली सूक्ष्म गळती डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक बदल संगणकाच्या नकाशात करावा लागतो. जुन्या पंपावरचा बदल पान्याने होतो, मोजपट्टीने तपासता येतो आणि बिघडल्यास तासाभरात मूळ जागी आणता येतो. शिकणाऱ्यासाठी हा फरक निर्णायक आहे. चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाड्या कमी होत चालल्या आहेत, हे मात्र मान्य करायला हवे. गंजलेली चेसी केवळ इंजिनासाठी घेऊ नये.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा आणि कायद्याचा. टर्बोचे सील फुटले तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन वेगाने फिरू शकते. डिझेल बंद केल्याने ते थांबेलच असे नाही, हवा तोडावी लागते. म्हणून हवेच्या वाटेवर झडप बसवतात आणि तिची तार मागे स्लेडला अडकवतात. गाडी सुटली की तार ओढली जाते आणि झडप मिटते. फुटणाऱ्या फ्लायव्हीलसाठी क्लचभोवती पोलादी कवच, तुटलेला शाफ्ट जमिनीत रुतू नये म्हणून कडी, अग्निशामक आणि हेल्मेट यांत काटकसर करू नये. धुराबद्दलचा आक्षेप तर सर्वांत गंभीर आहे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने रस्त्यासाठी मान्यता मिळालेल्या वाहनाची प्रदूषण-नियंत्रक साधने काढणे किंवा निकामी करणे निषिद्ध आहे, आणि गाडी जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही. केवळ शर्यतीसाठी बदललेल्या गाडीला तो कसा लागू व्हावा, यावर तिथे बराच वाद झाला आहे. नव्वदीतल्या या इंजिनांवर अशी साधने फार थोडी होती, त्यामुळे पाचशे अश्वशक्तीपर्यंतची बहुतेक कामे त्यांना हात न लावता करता येतात. जिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे तो ठेवावा, पंप धुराच्या काठाखाली लावावा, आणि त्यापुढे जायचे असेल तर गाडीची रस्त्यावरची नोंदणी रद्द करून ती ट्रेलरवरूनच मैदानात न्यावी.