झिऱ्याचं पाणी

सिंदफणा माजलगावहून मंजरथकडं, गोदावरीला भेटायला निघते. त्या वाटेवर आमचं गाव. लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की आजी घागर घेऊन पात्रात जायची. हातभर वाळू उकरली की झिरा लागायचा. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसायचं अन् घटकाभर बसायचं. मी घाई केली की म्हणायची, "दम धर लेकरा, काठ पाणी गाळायलाय." १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा आमच्या घराला या झिऱ्यांनीच तगवलं.

आजीचं बोलणं शास्त्राला धरून होतं, हे मला म्हातारपणी कळलं. रानातलं पाणी जमिनीखालून नदीकडं सरकतं. वाटेत काठाचा ओला, चिकट गाळ लागतो. त्यात हवा पोचत नाही. तिथले जीवाणू मुळ्यांचा, पालापाचोळ्याचा कुजका भाग खातात आणि हवेऐवजी पाण्यातल्या नायट्रेटचा ऑक्सिजन वापरतात. उरलेला नत्र वायू होऊन उडून जातो. काठ गाळतो म्हणजे नुसता गाळच धरत नाही, पाण्यात विरघळलेलंही काढतो.

तेव्हा रानात नत्र जायचा तो शेणखतातून, बैलगाडी भरून. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०९ साली, जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला होता. १९१३ पासून कार्ल बॉशनं त्याचा कारखाना चालवला. त्यातूनच पुढं युरियाची पोती आली. तेव्हाच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात तेवीस किलो नत्र असायचा. धरण झालं, कालवा आला, ऊस आला, आणि आम्ही पोत्यामागं पोती ओतली. पीक घेईल तेवढं घेतं. उरलेल्याचं नायट्रेट होतं, आणि काळी माती त्याला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरतं. त्यात उकिरड्याचं आणि संडासाच्या शोषखड्ड्यांचं पाणी मिसळतं.

तरी काठ शाबूत असता तर बरंच निभावलं असतं. काठावरची करंजं, जांभळं, निरगुडी मीच तोडली. उसाच्या चार सऱ्या जास्त बसल्या. पुढं वाळूचे टिप्पर आले. त्यांना माझ्याच रानातून वाट दिली अन् पैसेही घेतले. वाळू गेली तसं पात्र खोल गेलं. वर मोटारी चालूच होत्या. काठातलं पाणी खाली उतरलं, गाळ वाळला, भेगांतून हवा शिरली. खायला पाला नाही, वर हवा मोकळी. जीवाणूंचं ते काम थांबलं.

हे सगळं कळलं ते नातीमुळं. सुनेला दूध कमी पडायचं, म्हणून पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवायचो. पाणी उकळायचो, म्हणून निर्धास्त होतो. तपासणीत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते उलट दाट होतं. तान्ह्या लेकराच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्यानं कमी होते, अंग निळं पडू शकतं. आमच्या नातीला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी नितळ होतं, चवीला गोड होतं. मीच तिला वाटीनं पाजलं होतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा त्रास जास्त असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव, यवतमाळही आहेत. म्हणजे हे एकट्या माझ्या विहिरीचं दुखणं नाही. पण माझ्या काठाचा हिशेब माझ्याकडंच आहे.

गेल्या पावसाळ्यात त्या चार सऱ्या मोडल्या. तिथं करंज लावलं. युरिया निम्म्यावर आणला, तोही थोडा थोडा, पिकाच्या भुकेप्रमाणं. उकिरडा विहिरीपासून लांब हलवला.

सून म्हणाली, "मामा, पाणी कधी सुधरायचं?"

"बिघडायला माझा जन्म गेला, पोरी. सुधरायला वेळ लागंल."

नदी घरापासून शंभर पावलांवर आहे. नात आता चालायला लागलीय. ती पाणी पिते ते विकतच्या जारचं.