पाच एकरांची रेघ

कर्जमाफीचा विषय निघाला की आमचे पुण्याकडचे नातेवाईक हमखास विचारतात, "अहो, किती वेळा माफ करायचं?" प्रश्न चुकीचा नाही. पण मी पडलो मास्तर, मला आधी हजेरी घ्यायची सवय. माफ झाले ते नेमके कुणाचे?

२९ फेब्रुवारी २००८ रोजी अर्थमंत्री चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. त्याआधी दोन वर्षे विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या देशभर गाजत होत्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेजही आले. त्यामुळे ही माफी मुख्यतः आपल्यासाठीच, असे आम्हा यवतमाळकरांना वाटले तर नवल नाही.

मग नियम आले. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर थकलेले सगळे कर्ज माफ. त्याहून जास्त असेल तर पंचाहत्तर टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट. (मे महिन्यात आमच्यासारख्या जिल्ह्यांपुरती एवढी सवलत दिली, की पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यांत जास्त असेल ते. बाकीचे मात्र भरायचेच!)

आता आमच्याकडची शेती पाहा. कोरडवाहू कापूस, तूर, सोयाबीन. सारी भिस्त पावसावर. सात-आठ एकरवाला इथे गरीबच. माझ्या शेजारी असेच एक गृहस्थ होते, साडेसात एकरांचे धनी. एक पाऊस हुकला की दिवाळीला घरात तेल नसायचे. सरकारच्या कागदावर मात्र ते 'इतर शेतकरी'. उलट बारमाही पाण्याखाली चार एकर ऊस असलेला कोल्हापूरकडचा शेतकरी 'अल्पभूधारक', आणि संपूर्ण माफीला पात्र. त्याचा मत्सर मी करत नाही. त्यालाही कर्ज होतेच, आणि सोसायटी-बँक त्याच्या दारापर्यंत पोचली होती हा काही त्याचा गुन्हा नव्हे. आमच्याकडे सावकार पोचला होता. त्याचे देणे या योजनेत बसतच नव्हते.

कोरडवाहू आणि बागायती एकर सारखे नसतात हे सरकारला ठाऊक नव्हते म्हणावे, तर तेही नाही. महाराष्ट्राचा जमीनधारणा कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा. १९७५ च्या दुरुस्तीनंतर त्यात बारमाही बागायतीला कमाल १८ एकर, तर कोरडवाहूला ५४ एकर! म्हणजे एकास तीन हे प्रमाण सरकारनेच कायद्यात लिहून ठेवले होते. जमीन काढून घेताना हा हिशेब होता, देताना तो कुणाला आठवला नाही. याचा मला आजही राग येतो.

पुढे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. अपात्रांना लाभ मिळाला आणि पात्र वगळले गेले, अशी बरीच प्रकरणे त्यात निघाली. चार दिवस ओरड झाली, मग सामसूम.

२०१९ मध्ये केंद्राने वर्षाला सहा हजार रुपये देण्याची किसान सन्मान योजना आणली. तीही आधी दोन हेक्टरवाल्यांपुरतीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये ती अट काढली. चांगले झाले. पण तिथेही पाहतात तो सातबारा. माझा एक विद्यार्थी (गणितात हुशार होता) दुसऱ्याची सहा एकर जमीन बटईने करतो. नांगरणी, पेरणी, फवारणी सगळी त्याची आणि बायकोची. हप्ता आल्याचा मेसेज मात्र मालकाच्या फोनवर जातो. मालक म्हातारे आहेत, नागपूरला मुलाकडे राहतात. भला माणूस आहे, एखाद्या वर्षी त्यातून खताच्या पोत्याचे पैसे पाठवतो.