टायपिंग गेममध्ये मराठी शब्द बरोबर टाईप केला तरी फुटत नाही? कारण समजून घ्या आणि फीडबॅक असा द्या

वरून शब्द खाली येतात, तुम्ही ते टाईप केले की गोळी सुटते आणि शब्द फुटतो. ब्राउझरमधला या प्रकारचा सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 2010 साली आलेला झेड-टाईप, जर्मन डेव्हलपर डॉमिनिक शाब्लेव्स्की याचा. तो इंग्रजी. नंतर त्याच धर्तीवर मराठी शब्दांचेही छोटे गेम आले. आज मी त्यातल्याच एकाबद्दल सांगतोय, नाव घेत नाही.

माझी मुलुंडची मावसबहीण लिपिक-टंकलेखक परीक्षेची तयारी करते. तिथे मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो. कंटाळवाण्या सरावापेक्षा बरं म्हणून मीच तिला हा गेम दिला. आठवड्याने ती रडकुंडीला आली. "पायऱ्या" हा शब्द तिच्याकडून फुटतच नव्हता. तिला वाटलं आपलीच बोटं चुकतायत!

चूक तिची नव्हती. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला कोड दिसतात. "मुलुंड" आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण युनिकोडमध्ये ते सहा कोड आहेत: म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड. गेम हे कोड एकेक करून जुळवतो. आता "पायऱ्या" बघा. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलंत. दोन, साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडणारा कोड. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्या पद्धतीत शब्द 7 कोडचा होतो, दुसऱ्या पद्धतीत 8 चा. गेमच्या यादीत एक पद्धत आणि तुमच्या कीबोर्डवर दुसरी असेल, तर कितीही वेळा टाईप करा, जहाज हलणार नाही.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत वेगळीच. "खिडकी"त वेलांटी ख च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ख आधी आणि वेलांटी नंतर येते. जुन्या टाईपरायटरवर नेमकं उलटं असायचं, म्हणून ती सवय असलेले लोक इथे हमखास अडकतात.

मोबाईलवर तर अजून एक भानगड. अँड्रॉइडवर ब्राउझरला बहुतेक वेळा "कोणतं बटण दाबलं" हे कळतच नाही, जवळपास प्रत्येक बटणासाठी 229 हाच आकडा मिळतो. फक्त बटणं ऐकणारा गेम त्यामुळे गप्प बसतो. डेव्हलपरने बटणाऐवजी लिहिलेला मजकूर वाचला तर हे सुटतं. लोकलमध्ये उभ्याने खेळणाऱ्यांसाठी कीबोर्ड अर्धी स्क्रीन खातो हा वेगळा ताप, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मी आधी रागात "गेम फालतू आहे" एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि का यावं? त्यावरून बिचारा डेव्हलपर काय दुरुस्त करणार? दुसऱ्यांदा असं लिहिलं: "पायऱ्या हा शब्द फुटत नाही. लॅपटॉप, क्रोम, इनस्क्रिप्ट कीबोर्ड. 'पाय' पर्यंत अक्षरं जुळतात, पुढे थांबतं. मी शिफ्ट आणि जे दाबून ऱ लिहिते. 'दुसऱ्या' आणि 'गोऱ्हा'लाही हेच होतं." बहिणीच्या लॅपटॉपवरून पाठवलं म्हणून "लिहिते". सोबत 10 सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं. म्हणजे शब्द, उपकरण, ब्राउझर, कीबोर्ड आणि नेमकं कुठे अडतं, एवढंच. यातला कीबोर्ड लोक हमखास विसरतात, आणि मराठीत तोच सगळ्यात महत्त्वाचा.

चार दिवसांनी उत्तर आलं. आता गेम दोन्ही पद्धतींचा र चालवून घेतो. मोबाईलचं काम अजून बाकी आहे, त्यामुळे बहीण लॅपटॉपवरच खेळते. "पायऱ्या" आला की अजूनही क्षणभर थांबते म्हणे.