रत्याला मोडीत काढण्याआधी

पेण-रोह्याच्या खारेपाटात रता भात पेरणे म्हणजे जुन्याला कवटाळणे, असे आता जाणते शेतकरीही म्हणतात. त्यांचा पक्ष पोकळ नाही. रता उंच वाढतो, खत जास्त झाले की लोळतो. दाणा तांबडा आणि जाड, म्हणून व्यापारी भाव पाडतो. सुधारित वाण हाताशी असताना हे बी कशाला? जपायचेच तर शीतपेढीत ठेवा, असा एकूण युक्तिवाद. वाचकांनी निवाडा करावा.

उत्पन्नाची तुलना झाली कुठल्या शेतावर? गोड्या जमिनीत रता हरणारच. पण मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली, की दर एककामागे भाताचे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते, हा जगभर मान्य असलेला हिशेब आहे. अंबा किंवा कुंडलिकेच्या खाडीकाठी उधाणात बांधाला खांड पडली, की खारे पाणी थेट खाचरात. तिथे गोड्या जमिनीचे आवण करपते, रता तगतो. जे पीक उभेच राहत नाही, त्याच्या विक्रमी उत्पन्नाची चर्चा काय करायची?

आणि हे ‘सुधारित’ आले कुठून? पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल १ आणि पनवेल २ घ्या. दोहोंच्या वंशावळीत एकीकडे १९६६ साली फिलिपिन्समध्ये प्रसारित झालेला आयआर ८ आहे, दुसरीकडे भुरा रता ४-१०. ठेंगणेपणा आयआर ८ चा. खार सोसण्याची ताकद रत्याची. रत्याला टाकाऊ म्हणणारे त्याचेच वारस पेरतात!

     

शीतपेढीचा मुद्दा सर्वांत मोहक आणि सर्वांत कच्चा. बंगालच्या नोना बोकरा या खारसोशिक भातातले, पानांकडे निघालेला सोडियम वाटेतच अडवणारे जनुक २००५ साली उलगडले. केरळचा पोक्कळीही जगभरच्या पैदासकारांनी वापरला. तरीही प्रश्न सुटलेला नाही. रोपावस्थेत खार सोसणारे भात फुलोऱ्यातही तो सोसेलच असे नाही. म्हणून एका दात्यावर भागत नाही. नवे दाते मिळणार कुठून? पेढीतले बी झोपलेले असते. खारेपाटातले दर पावसाळ्यात पारखले जाते. पेढी हवीच. ती शेताची जागा घेऊ शकत नाही.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी खुली केली आहे आणि जतन करणाऱ्यांना जनुक निधीतून पुरस्काराची तरतूदही आहे. खारेपाटातल्या ज्या घरांत अजून रत्याचे बी आहे, त्यांनी ते विकून टाकण्याआधी तालुका कृषी कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी.